ताऱ्यांचं माहेर

बायको गेल्यावर ज्यानं ज्यानं मला सांगितलं की ती आता आभाळातली चांदणी झाली, त्या प्रत्येकाशी मी भांडलोय. ओळखीचे एक मास्तर भेटायला आले, खांद्यावर हात ठेवला आणि वर बघत म्हणाले, "ती तिथून तुम्हाला बघतेय." भर दुपारी! मी म्हटलं, "मास्तर, कुठली ते दाखवा. कुठं चाललीय, किती जोरात चाललीय आणि कुणाच्या संगतीनं चाललीय, तेवढं सांगा. नाही ना सांगता येत? मग गप चहा प्या." बिचाऱ्यांनी चहा प्याला आणि गेले. आई आतून म्हणाली, "असं तोडून बोलू न्हाई रं मानसाला." पण मी तरी काय करू? हे प्रश्न माझे नाहीतच, बायकोचे आहेत. ताऱ्याचं नाव काढलं की ती आधी हेच विचारायची.

ती नगरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि नोकरी सांभाळून पुण्याच्या एका सरांकडे पीएचडी करत होती. विषय ताऱ्यांचं चालणं. मी आयटीआय केलेला माणूस. पारनेर तालुक्यात रस्त्याकडेला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी येतात, मी जुनी तार काढून नवी भरतो. आमची गाठ पडली तीही मोटरीपायीच. तिच्या कॉलेजच्या विहिरीवरची मोटर मी भरून बसवली, बटण दाबलं, मोटर झकास फिरली आणि पाणी मात्र आलं रडत-रडत. मी पाइप ठोकतोय, फूटव्हॉल्व्हला शिव्या घालतोय. मागून एक बाई म्हणाल्या, "दादा, उलटी फिरतेय ती." बघतो तर खरंच. दोन वायरी अदलाबदल झालेल्या. मी तोंड लपवत वायरी बदलल्या. पुढं लग्न झाल्यावर मी तिला चिडवायचो, "नवऱ्याला पहिल्याच भेटीत दादा म्हणणारी बाई तू." ती म्हणायची, "दादा म्हटलं म्हणूनच तू घाबरला नाहीस."

ती ख्रिस्ती. नगरच्या जुन्या ख्रिस्ती घरातली, आजोबा-पणजोबांपासून मास्तरकी. आम्ही मराठे. लग्न रजिस्टर केलं. कुणी कुणाचा धर्म घेतला नाही. माझी भावकी वर्षभर आमच्या दारात आली नाही, आणि आईनं घरात राहूनही तिच्याशी बोलणं टाकलं. तिला ती "मास्तरीन" म्हणायची, तेही भिंतीला सांगितल्यासारखं. "मास्तरनीला म्हनावं, भाकरी झाल्यात." मूल आम्हाला झालं नाही. त्यावरूनही भावकीनं काय बोलायचं ते बोलून घेतलं.

आमचं घर वावरात. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचा कॉम्प्युटर असायचा. गावातली माणसं विचारायची, "मॅडम, आज कोणता ग्रह दिसंल?" तिला सांगता यायचं नाही. ती आभाळाकडं फारसं बघायचीच नाही. एका उपग्रहानं कोट्यवधी ताऱ्यांचा ठावठिकाणा आणि वेग मोजून ठेवलाय, आणि ते सगळं जगाला फुकट खुलं केलंय. कॉलेजातून आली की हातपाय धुऊन ती त्या आकड्यांत शिरायची, आणि आई मेथी निवडत उंबऱ्यात बसायची, तोंड दुसरीकडं करून.

एक दिवस आईला राहवलं नाही. भिंतीलाच विचारलं, "काय बघती ही दिवसभर त्या पडद्यात?"

ती खुर्ची फिरवून बसली. म्हणाली, "आई, तुम्ही खळ्यावर कणसं मळायला बैलांची पात हाकलीय का?"

"हाकलीय की. न हाकायला काय झालं?"

"बैल कसे, तिवड्याच्या खांबाभोवती सगळे एकाच अंगानं फिरतात. तसे आपल्या आकाशगंगेतले बहुतेक तारे एकाच अंगानं फिरतात. पण अधूनमधून एखादा सापडतो, तो भलतीकडंच निघालेला. कुणी तिरका, कुणी सरळ उलटा. पहिल्यांदा वाटतं चुकार असेल. मग दुसरा सापडतो तसाच, मग तिसरा. आभाळात एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला, पण चालायची तऱ्हा एकच. म्हणजे ते एका घरचे."

"कुन्या घरचे?"

"मोडलेल्या घरचे. एक लहान आकाशगंगा होती. आपली मोठी, तिनं तिला जवळ ओढलं. ओढता-ओढता ती फाटली, तिचे तारे आपल्यात विखुरले. आता नुसतं बघून घरचा कोण आणि आलेला कोण ते ओळखू येत नाही. माहेर म्हणून बोट दाखवायला जागा राहिली नाही. पण जी चाल घेऊन आले ती कोट्यवधी वर्षं झाली तरी गेलेली नाही. ती चाल धरून मागं-मागं गेलं की कळतं, कोण कधी आलं, कुठून आलं, किती मोठ्या घरातून आलं. आकाशगंगा कशी वाढली हे बघायला तेव्हा कुणी नव्हतं. चालणं तेवढं राहिलंय."

आईचे हात थांबले होते. मग ती मेथी तशीच टाकून हंडा घेऊन पाण्याला गेली. ही खिडकीतून तिच्याकडं बघत राहिली. आई परत आली तेव्हा तिनं विचारलं, "आई, तुमच्या माहेरी नदीच्या घाटाला डाव्या हाताला भिंत होती का?"

आई हंड्यासकट दारातच उभी. "तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. इथल्या सगळ्या बायका हंडा डाव्या कमरेवर घेतात. तुम्ही एकट्या उजव्या कमरेवर घेता. मला वाटलं, लहानपणी डावा हात कशाला तरी धरायला मोकळा लागत असेल."

आईचं माहेर नेवाशाकडं, प्रवरेच्या काठावर. घाटाच्या पायऱ्या झिजलेल्या, एका बाजूला दगडी भिंत, तिला धरून चढायचं. ते घर भावांनी वाटण्या करून पाडलं, आणि आता तिथं दुसऱ्याच कुणाचे गाळे आहेत. आमच्याकडं सगळं सपाट, धरायला काही नाही, तरी तिचा डावा हात सगळा जन्म मोकळाच राहिला होता. तिच्या पोटचा मुलगा मी, मला ते कधी दिसलं नव्हतं. आईनं हंडा खाली ठेवला आणि पदरात तोंड घालून हमसून-हमसून रडली. ही उठून तिच्याजवळ जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी आईनं पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं बघून विचारलं, "पोरी, कालच्या त्या पोरी कुठवर आल्या?" तेव्हापासून त्या ताऱ्यांना आमच्या घरात पोरीच म्हणायचे.

त्यानंतर घरात ज्या गोष्टी झाल्या त्या मी कुणाला सांगितल्या तर हसतील. ही जेवायच्या आधी घटकाभर डोळे मिटायची, प्रार्थना म्हणून. आई आता तिचे डोळे उघडेपर्यंत माझ्याही ताटात वाढायची नाही. "थांब की जरा, उपाशी मरतूस का?" नाताळात आई करंज्या करून हिच्या भावाकडं नगरला पाठवायची. हिला याचं भारी कौतुक. म्हणायची, "बाहेरून कुणी आलं की आलेलाच बदलतो असं नाही रे. मोठ्या आकाशगंगेलाही धक्का बसतो. तिचे स्वतःचे तारे हलतात, वर-खाली व्हायला लागतात. त्यावरूनही कळतं की इथं कुणीतरी आलं होतं." असे दिवस आमचे चांगले गेले. थोडे गेले, पण चांगले.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी नगरला, मग पुण्याला, मग पुण्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं की आता घरी न्या. मी जळालेल्या मोटरी जिवंत करणारा माणूस. मला हे "घरी न्या" समजायलाच आठवडा गेला. ती खिडकीपाशी कॉट टाकून पडायची आणि उशीला टेकून तेवढ्यातही पोरी शोधायची.

दिवाळी झाल्यावर तिचा भाऊ आला. भला माणूस. मला बाहेर बोलावून म्हणाला, "दाजी, राग मानू नका. वेळ आली तर तिला आमच्याकडं देणार का? बाबांच्या शेजारी जागा आहे."

माझं डोकं फिरलं. "देणार म्हणजे? ती काय उसनी आणलेली पायलीभर ज्वारी आहे का परत द्यायला? माझी बायको आहे ती." तो मान खाली घालून उभा राहिला. मी अजूनही काय-काय बोललो असतो, पण आतून तिचा खोकला ऐकू आला.

आमच्याकडं माणसाला स्वतःच्या वावरातच अग्नी देतात. बांधाला माझ्या वडिलांच्या समाधीचा ओटा आहे, त्याच्या शेजारी आईची जागा धरलेली, त्यापुढं आमची दोघांची. आईनं तर मनातल्या मनात सगळं ठरवलं होतं. नवऱ्याआधी जाणारी बाई म्हणजे सवाष्ण, तिचा मान मोठा. तिला हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळभर मळवट, ओटी. ज्या सुनेशी ती वर्षभर बोलली नव्हती, तिला आता हा सगळा मान द्यायचा होता. ती एकटी एसटीनं नगरला गेली, कापड बाजारातून चांगली काठाची हिरवी साडी आणली आणि कपाटात तळाशी दडवली. मलासुद्धा बोलली नाही.

नाताळाच्या सकाळी मी हिला चर्चमध्ये न्यायला हिच्या भावाची गाडी बोलावली होती. दुकानातून घरी आलो तर ही आरशासमोर उभी, तीच हिरवी साडी नेसून. अंगावर मांस राहिलं नव्हतं, ब्लाउजला मागून पिना लावलेल्या. तेवढ्यात आई चुलीपासून आली आणि किंचाळलीच. "अगं बया! काढ ती! आधी काढ!" आपल्याच तोंडात मारून घ्यायला लागली. "काय केलं गं मी हे, काय केलं!"

हिनं तिचे हात धरले. "आई, बांगड्यांच्या डब्याखाली गुंडाळून कुणी सणाची साडी ठेवतं का? मला कळलंय ती कशासाठी आणलीय ते. पण तेव्हा मला आरशात बघता येणार नाही ना. इतकी छान आणलीत, एकदा तरी नेसून मिरवू द्या की."

आई खाली बसली. ही म्हणाली, "सांगा ना, कशी दिसते?"

"नवरीवानी दिसती गं," आई म्हणाली आणि बसल्या-बसल्या हिच्या निऱ्या सारख्या करायला लागली.

चर्चमध्ये ती सगळी गाणी बसून म्हणाली. आवाज जेमतेम, पण एक कडवं चुकलं नाही. नंतर आम्ही आवारात कडुलिंबाखाली बाकावर बसलो. लोक येऊन त्यांच्या रीतीनं "सलाम ताई, सलाम" करून जात होते. ते पांगल्यावर ती म्हणाली, "मला इथल्या मातीत ठेव. बाबांच्या शेजारी."

"आणि मी?"

"तू तुझ्या बाबांच्या शेजारी."

"मग लग्न कशाला केलं माझ्याशी?" मी ओरडलोच. आजारी बाईवर, सणाच्या दिवशी, चर्चच्या आवारात.

तिला राग आला नाही. माझ्या हातावरचा मोटरीच्या वॉर्निशचा डाग नखानं खरवडत बसली. मग म्हणाली, "मला आगीची भीती वाटते रे. आमच्यात कुणाला जाळलेलं मी कधी पाहिलं नाही. तुझ्या मधल्या चुलत्यांना वावरात अग्नी दिला, तेव्हा मी खिडकी लावून आत बसले होते. आईंना सांगितलं नाही, त्यांना वाईट वाटेल म्हणून. मेल्यावर काही कळत नाही हे मी पोरांना शिकवते. पण आत्ता तर कळतंय ना."

इतकी वर्षं एका घरात राहून ही भीती मला माहीत नव्हती. मी "बरं" म्हणालो. घरी येऊन तिनं आईलाही सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. तोंड फिरवून चुलीपाशी गेली.

संक्रांतीनंतर ती गेली. सकाळची वेळ, चहा घोटभर घेतलेला. भावकी दहा मिनिटांत गोळा झाली. वर्षभर दारात न येणारे तेच लोक आता बांबू घेऊन आले, कुणी गोवऱ्या काढायला धावलं. त्यांनाही तिचा लळा लागला होता, हे खोटं का बोलू. धाकटे चुलते म्हणाले, "चला, ऊन व्हायच्या आत आवरू." फाटकापाशी तिचा भाऊ येऊन थांबला होता, आत यायला बिचकत होता. मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. पण तोंडातून शब्द निघेना, कारण वावरातली ती जागा मला समोर दिसत होती. तिथं तिला ठेवलं असतं, तर ती रोज माझ्या डोळ्यांपुढं राहिली असती आणि एक दिवस मीही तिथंच आलो असतो.

आई मधल्या खोलीतून बाहेर आली. "तिरडी बांधू नका," म्हणाली. "तिला तिच्या मानसात न्यायचंय."

चुलते म्हणाले, "वैनी, काय बोलताय? सवाष्ण हाय ती आपल्या घरची."

"व्हय, माझ्याच घरची हाय. म्हनून मी सांगतीय." तिचा आवाज फाटला. "मला नेवाशाला न्या म्हनायची माझी कधी हिंमत झाली न्हाई. हिनं म्हटलंय. तर न्या."

चुलत्यांनी बांबू बाजूला ठेवायला लावले. आईनं आणि बायकोच्या वहिनीनं मिळून तिला ती साडी नेसवली, चुडा भरला. वहिनीनं बायबल छातीशी ठेवलं, आईनं ओटी भरली. चर्चच्या पाळकसाहेबांनी पाहिलं आणि तसंच राहू दिलं, हे त्यांचे उपकार.

आमच्याकडच्या बायका मसनवट्यात जात नाहीत. आईनं तर वडिलांच्या वेळीही उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी ती टेम्पोत पुढं बसून नगरच्या दफनभूमीत आली. गाणी झाली, पेटी खाली सोडली, एकेक जण मूठभर माती टाकायला लागला. आईची पाळी आली तेव्हा ती कडेला बसली आणि म्हणाली, "पायाकडून टाका रं. तोंडाकडं एकदम टाकू नका. तिला दम लागायचा." मी तिला उठवलं नाही. तिला उठवायची ताकद माझ्यात नव्हती.

पुण्याच्या सरांचा फोन आला. तिचं काम दुसरी एक विद्यार्थिनी पुढं नेईल म्हणाले. बायको ज्या ताऱ्यांच्या मागं होती त्यांचं घर एकच होतं, हे आता पक्कं झालंय. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं. पोरींचा पत्ता लागला."

उन्हाळ्यात मी चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडं गेलो आणि स्पष्ट विचारलं, माझी वेळ येईल तेव्हा मला तिच्या शेजारी जागा मिळेल का. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "नाही म्हणायला जीव होत नाही. पण त्यासाठी तुम्हाला बाप्तिस्मा घेऊन मंडळीचं व्हावं लागेल. मनापासून व्हायचं असेल तर या. नुसत्या जागेसाठी येऊ नका, तिलाही ते आवडलं नसतं." मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते खरं बोलत होते.

घरी आलो. आई वडिलांच्या ओट्यापाशी झाडत होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय की मग. जा. तुझा बाप काय वरून भांडायला येनार न्हाई." आणि झाडत राहिली. मी निघालो, तेवढ्यात मागून म्हणाली, "पर मग माझ्याजवळ हितं कोन रं?"

तिनं ते भांडून विचारलं नव्हतं. खराटा हातात धरून, वडिलांच्या ओट्यापुढच्या मोकळ्या जागेकडं बघत विचारलं होतं. सूनही येणार होती तिथं, लेकही येणार होता.

"मी आहे ना, आई," मी म्हणालो.

आईनं मान हलवली आणि राहिलेलं झाडून घेतलं. मी बांधावर उभा राहिलो. बायको जानेवारीत गेली होती, पण आम्ही दोघं आता पुन्हा कधीच एका ठिकाणी असणार नाही, हे मी त्या दिवशी माझ्या तोंडानं बोललो.